अर्ध्या दिवसात कार्ताहेना

कार्ताहेना शहराची अर्ध्या दिवसाची सफर म्हणजे चार-पाच तासांत एक टेकडी, एक किल्ला आणि एक तटबंद गाव पाहणे. कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्रालगत वसलेल्या या शहराची लोकसंख्या आज सुमारे दहा लाख आहे. पण जुने शहर इतके आटोपशीर आहे की त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चालत जाता येते. म्हणूनच मार्गदर्शकासोबतची छोटी सफर इथे चांगली रुळली आहे. मोठी प्रवासी जहाजे सकाळी मांगा भागातल्या धक्क्याला लागतात आणि त्याच दिवशी पुढे निघतात. त्यांतल्या प्रवाशांच्या सोयीने आखलेला हा क्रम आता विमानाने येणारे पाहुणेही पाळतात. आधी वाहनाने ला पोपा टेकडी, मग सान फेलिपे किल्ला आणि शेवटी तटाच्या आतल्या गल्ल्यांमधून पायी फेरी, असा तो क्रम असतो.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. टेकडीवरून शहराची जागा कळते, किल्ल्यावर त्या जागेचे मोल कळते आणि गल्ल्यांमध्ये ते मोल कोणी चुकते केले हे कळते.

बंदर आणि बुडवलेली भिंत

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये इथे वसाहत उभारली. त्याआधी इथे कालामारी नावाची मूलनिवासींची वस्ती होती. स्पेनमध्येही कार्ताहेना नावाचे बंदर असल्याने या नव्या गावाला ‘कार्ताहेना दे इंदियास’ म्हटले जाऊ लागले. आत खोल, शांत उपसागर आणि बाहेर मोकळा समुद्र अशी ही जागा जहाजांना सुरक्षित होती. दक्षिण अमेरिकेतले सोने-चांदी आणि पाचू स्पेनला नेणारे आरमार इथे थांबत असे. पोर्तोबेलोहून कार्ताहेनाकडे येणारे ‘सान होसे’ हे खजिन्याचे गलबत इंग्रजांच्या हल्ल्यात जून १७०८ मध्ये याच किनाऱ्याजवळ बुडाले. त्याचे अवशेष २०१५ मध्ये समुद्रतळाशी सापडले.

संपत्ती आली तसे लुटारूही आले. फ्रान्सिस ड्रेकने १५८६ मध्ये शहर ताब्यात घेतले, घरे जाळली आणि एक लाखाहून अधिक डुकाटांची खंडणी घेऊनच काढता पाय घेतला. त्यानंतर स्पेनच्या राजाने बाउतिस्ता आंतोनेली या इटालियन अभियंत्याला संरक्षणाची आखणी करायला पाठवले. तटबंदीचे काम मग जवळजवळ दोनशे वर्षे, १७९६ पर्यंत, टप्प्याटप्प्याने चालू राहिले. मधल्या काळात, १६९७ मध्ये, फ्रेंचांनीही शहर लुटले.

उपसागरात शिरायला दोन वाटा होत्या, रुंद बोकाग्रांदे आणि अरुंद बोकाचिका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश अभियंत्यांनी बोकाग्रांदेच्या तोंडावर पाण्याखाली दगडी बांध घातला. त्यामुळे मोठ्या जहाजांना ती वाट कायमची बंद झाली आणि प्रत्येक गलबताला बोकाचिकाच्या दोन किल्ल्यांच्या तोफांसमोरूनच आत यावे लागे. विजयदुर्गासमोर पाण्याखाली असलेल्या भिंतीविषयी ऐकलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती लगेच ध्यानात येईल. आजही मोठी जहाजे बोकाचिकातूनच आत येतात. म्हणजे समुद्रमार्गे येणाऱ्या पाहुण्याची सफर धक्क्यावर पाय ठेवण्याआधीच सुरू झालेली असते.

ला पोपा

सुमारे दीडशे मीटर उंचीची ला पोपा ही शहरातली सर्वांत उंच जागा आहे. माथ्यावर ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याची स्थापना झाली. कमानींनी वेढलेले त्याचे अंगण फुलझाडांनी भरलेले आहे आणि प्रार्थनामंदिरात शहराची रक्षणकर्ती मानली जाणारी कांदेलारिया माता आहे. २ फेब्रुवारीला तिचा उत्सव होतो आणि त्या दिवसांत भाविक डोंगर चढून दर्शनाला येतात. साधूंच्या आधी इथे बोकडाच्या रूपातल्या देवतेची पूजा चाले आणि मठाच्या संस्थापकाने ती मूर्ती कड्यावरून खाली लोटली, अशी दंतकथा मार्गदर्शक हमखास सांगतात.

इथे थांबायचे ते मुख्यतः नजारा पाहण्यासाठी. एका बाजूला बोकाग्रांदे भागातल्या पांढऱ्या उंच इमारती, मध्ये तटबंद गावाची लाल कौले, पलीकडे समुद्र आणि अलीकडे बंदरातल्या कंटेनरच्या रांगा दिसतात. टेकडीच्या उतारावर आणि पायथ्याशी मात्र दाटीवाटीच्या गरीब वस्त्या आहेत. देखण्या जुन्या शहराबाहेर खरे कार्ताहेना केवढे पसरले आहे आणि त्यात किती विषमता आहे, हे या एकाच जागेवरून दिसते. चांगला मार्गदर्शक तिकडेही बोट दाखवतो.

सान फेलिपेचा किल्ला

सान लासारो नावाच्या छोट्या टेकडीवर सान फेलिपे दे बाराहास किल्ला उभा आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला इथे छोटा किल्ला होता. त्याचा आजचा अवाढव्य विस्तार झाला तो अठराव्या शतकात, आंतोनियो दे आरेवालो या लष्करी अभियंत्याच्या हाताखाली. सगळी टेकडीच उतरत्या भिंतींनी मढवून काढल्यासारखी दिसते. रचनेतले तत्त्व सोपे आहे. तोफांचे मोर्चे एकाखाली एक अशा पायऱ्यांनी उतरत जातात. खालचा मोर्चा शत्रूच्या हाती पडला, तरी वरच्या मोर्च्यावरून त्याच्यावर मारा करता येतो. आत भुयारांचे जाळे आहे. त्यांत पावलांचा आवाज दूरवर ऐकू येतो, त्यामुळे अंधारात कोणी शिरले तर पहारेकऱ्याला आधीच सुगावा लागे.

किल्ल्याची मोठी परीक्षा झाली १७४१ मध्ये, या विस्ताराच्याही आधी. ब्रिटिश दर्यासारंग एडवर्ड व्हर्नन सुमारे १८० जहाजे आणि २५ हजारांवर माणसे घेऊन चालून आला. शहराच्या रक्षणाला तीन-चार हजार माणसे होती. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या ब्लास दे लेसोने आधीच्या लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावला होता, एक हातही निकामी झाला होता. बाहेरचे किल्ले पडताच व्हर्ननने विजयाची बातमी मायदेशी धाडली आणि इंग्लंडमध्ये त्याच्या विजयाची पदकेही पाडली गेली. पण एप्रिलमध्ये सान फेलिपेवरचा हल्ला फसला. पावसाळा तोंडावर होता. पिवळ्या तापाने आणि इतर रोगांनी हजारो सैनिक दगावले आणि ब्रिटिशांना माघार घ्यावी लागली. लेसोही त्याच वर्षी वारला. त्याचा पुतळा किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. ब्रिटिशांच्या बाजूने आलेल्या अमेरिकन वसाहतींच्या तुकड्यांत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता. त्याने पुढे आपल्या मळ्याला व्हर्ननचे नाव दिले. तोच वॉशिंग्टनचा प्रसिद्ध ‘माउंट व्हर्नन’.

किल्ल्यावर सावली जवळजवळ नाही, म्हणून तो सकाळी लवकर पाहिलेला बरा. मागच्या बाजूला जुन्या बुटांचे प्रचंड ब्राँझ शिल्प आहे. लुइस कार्लोस लोपेस या स्थानिक कवीने आपल्या गावावरच्या मायेला जुन्या बुटांवरच्या जिव्हाळ्याची उपमा दिली होती, त्याचे ते स्मारक आहे.

तटाच्या आत

पायी फेरी बहुधा घड्याळ मनोऱ्याच्या दरवाजातून सुरू होते. दरवाजा वसाहतकाळातला आहे, मनोऱ्याचा वरचा भाग १८८८ चा. आत शिरताच तिकोनी चौक लागतो, त्यात एरेदियाचा पुतळा आहे. एका बाजूच्या कमानींखाली मिठाईवाल्या बसतात. नारळाच्या वड्या, चिंचेचे गोळे आणि भरड धान्याच्या लाह्यांत नारळ व गूळ घालून वळलेले ‘आलेग्रिया’ त्यांच्याकडे मिळतात. याच चौकात एके काळी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरत असे. अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखात गुलामांच्या व्यापाराचे कार्ताहेना हे एक प्रमुख बंदर होते. तट, बुरूज आणि किल्ला यांसाठी दगड वाहणारे हातही बव्हंशी गुलामांचे आणि कैद्यांचे होते.

जवळच सान पेद्रो क्लावेरचे चर्च आहे. कातालोनियात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये मरेपर्यंत त्याने गुलामांची सेवा केली. गुलामांचे जहाज बंदराला लागले की तो अन्न, पाणी आणि औषधे घेऊन त्याच्या तळाशी उतरत असे. त्याच्यासोबत आफ्रिकी भाषा जाणणारे दुभाषे असत. तेही स्वतः गुलामच होते आणि त्यांच्यावाचून हे काम झालेच नसते. १८८८ मध्ये क्लावेरला संतपद मिळाले. त्याच्या अस्थी चर्चच्या वेदीखाली काचेतून दिसतात. त्याच्या स्मरणार्थ कोलंबियात ९ सप्टेंबर हा मानवी हक्कांचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो.

पुढे बोलिव्हार चौकातल्या गर्द झाडांची सावली मिळते. चौकाच्या कडेला धर्मन्यायालयाचा वाडा आहे. हे न्यायालय १६१० मध्ये स्थापन झाले. ज्यू आणि प्रॉटेस्टंट असल्याचा संशय असलेले लोक, झाडपाल्याची औषधे देणाऱ्या बायका आणि चेटकाचा आळ आलेल्या आफ्रिकी स्त्रिया यांच्यावर इथे खटले चालत. बाजूच्या भिंतीत क्रूस कोरलेली छोटी खिडकी आहे. निनावी तक्रारी तिच्यातून आत टाकल्या जात. वाड्यात आता शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. त्याच चौकात सोन्याचे छोटे संग्रहालयही आहे. त्यात मुख्यतः सेनू समाजाचे बारीक तारकामाचे दागिने मांडलेले आहेत. या समाजाने सान होर्हे नदीच्या खोऱ्यात सुमारे पाच लाख हेक्टरांवर कालवे आणि उंच वाफे काढून पुराचे पाणी आवरले होते. वेळ थोडा असला तरी इथे डोकावावे, कारण स्पॅनिशपूर्व इतिहासाचा या सफरीतला हा जवळजवळ एकमेव धागा आहे.

गल्ल्यांतून चालताना मान वर ठेवावी. लाकडी सज्जे, त्यांवरून ओघळणारी बोगनवेल, गडद पिवळ्या-निळ्या भिंती आणि दरवाजांवरचे सरडा, सिंह, मासा अशा आकारांचे पितळी ठोके घरोघरी दिसतात. गाब्रिएल गार्सिया मार्केस १९४८ मध्ये इथे आला आणि ‘एल उनिव्हेर्साल’ या दैनिकात लिहू लागला. पुढे त्याच्या कादंबऱ्यांत हे शहर पुन्हा पुन्हा आले. २०१६ मध्ये त्याच्या अस्थी इथल्याच विद्यापीठाच्या ला मेर्सेद मठात ठेवण्यात आल्या.

फेरी पुष्कळदा लास बोवेदासपाशी संपते. तटाला लागून असलेल्या या २३ कोठड्या अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधल्या गेल्या. त्या कोठार म्हणून आणि तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या, आता तिथे हस्तकलेची दुकाने आहेत. बंदर, किल्ले आणि हे जुने शहर १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पालेंके आणि हेत्सेमानी

डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या, रंगीत झग्यांतल्या कृष्णवर्णी स्त्रिया चौकाचौकांत भेटतात. त्यांतल्या अनेकींचे मूळ सान बासिलिओ दे पालेंके या गावात आहे. कार्ताहेनातून पळालेल्या गुलामांनी ही वस्ती उभारली. त्यांचा नेता बेंकोस बिओहो याला १६२१ मध्ये फाशी झाली, तरी वस्ती टिकली आणि अठराव्या शतकात स्पॅनिश सत्तेला तिचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. तिथली स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही जिवंत आहे. या स्त्रियांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारावे आणि पैसे द्यावेत किंवा फळे विकत घ्यावीत. पाटीत पेरू, पपई, अननस हमखास असतात. इथल्या रसाच्या गाड्यांवर ‘निस्पेरो’ मागितला तर चिकूचा रस येतो. ही सारी फळे मुळात अमेरिका खंडातली. युरोपीय जहाजांतून ती भारतात पोचली आणि कोकण-गोव्याच्या परसात रुजली.

हेत्सेमानी हा जुन्या शहराला लागून असलेला कारागिरांचा मोहल्ला अनेक सफरींत वगळला जातो. ती चूक आहे. ११ नोव्हेंबर १८११ रोजी पेद्रो रोमेरो या मिश्रवंशीय कारागिराच्या पुढाकाराने इथलेच लोक रस्त्यावर उतरले आणि कार्ताहेनाने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. १८१५ मध्ये स्पॅनिश सेनानी पाब्लो मोरियोने तीन महिन्यांहून अधिक काळ शहराला वेढा दिला. हजारो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. ‘वीर नगरी’ हे बिरूद शहराला त्यातून मिळाले. १८२१ मध्ये ते कायमचे मुक्त झाले, पण गुलामगिरी कायद्याने संपायला १८५२ उजाडले. आज हेत्सेमानीच्या भिंतींवर मोठी चित्रे आहेत, त्रिनिदाद चौकात संध्याकाळी गर्दी जमते आणि वाढत्या भाड्यांमुळे जुन्या रहिवाशांना घरे सोडावी लागत आहेत.

जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ सफरीला उत्तम, ऑक्टोबरच्या आसपास पाऊस सर्वाधिक असतो. उकाडा बारा महिने असतो, म्हणून टोपी, पाणी आणि सपाट तळाचे बूट हवेत. कोलंबियात पर्यटक मार्गदर्शकाकडे अधिकृत ओळखपत्र असणे बंधनकारक आहे, ते आधी पाहावे. किल्ला आणि मठ यांचे प्रवेशशुल्क सफरीच्या दरात धरले आहे का आणि किती वेळ दुकानांत जाणार आहे, हेही विचारून घ्यावे. पाचूच्या दुकानांत तासभर घालवणारी सफर टाळलेली बरी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सफर ठरवतानाच सान पेद्रो क्लावेर चर्च, बोलिव्हार चौक आणि हेत्सेमानी ही तीन ठिकाणे तिच्यात आहेत ना, याची खात्री करावी. किल्ला आणि तट कोणीही दाखवतो. ते ज्यांनी बांधले आणि ज्यांनी त्यांच्या आत स्वातंत्र्य मागितले, त्यांची हकीकत ऐकल्याखेरीज कार्ताहेना पाहिले असे म्हणता येत नाही.