चपलांचा बिल्ला आणि ‘कुकी’

देवळाबाहेर चपला ठेवल्या की ठेकेदार आपल्या हाती एक बिल्ला देतो. त्यावर आकड्याखेरीज काही नसते. दर्शन आटोपून आपण तो पुढे केला की ठेकेदार आपल्या चपला काढून देतो. तो आपल्याला ओळखत नाही, बिल्ल्याला ओळखतो. संकेतस्थळ उघडताच ‘कुकीज स्वीकारा’ अशी जी पाटी आडवी येते, तिच्यातली कुकी म्हणजे असाच एक बिल्ला आहे.

त्याची गरज पडली, कारण वेब ही यंत्रणा जन्मतःच विसराळू. तुम्ही एक पान मागितले, तिने दिले, आणि पुढचे मागेपर्यंत ती तुम्हाला विसरली. अशा दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू टोपलीत राहायची कशी? १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणाने तोड काढली. संकेतस्थळाने छोटीशी चिठ्ठी तुमच्याच संगणकावर ठेवायची, आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती आपणहून परत दाखवायची. ही चिठ्ठी चार किलोबाइटच्या आसपासच असते. ती प्रोग्रॅम नव्हे. तुमच्या फायली ती चाळू शकत नाही. शिवाय जिची चिठ्ठी तिलाच दाखवायची, दुसऱ्या संकेतस्थळाला नाही, हा नियमही सुरुवातीपासूनचा. बँकेच्या संकेतस्थळावर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना दर वेळी पासवर्ड द्यावा लागत नाही, तो तिच्याच कृपेने.

मग बिघडले कुठे? समजा, गावातल्या सगळ्या देवळांचा, नाट्यगृहाचा, दवाखान्याचा चपला-स्टँड एकाच ठेकेदाराकडे गेला, आणि तुमचा बिल्लाही सगळीकडे एकच. नाव न विचारता त्याला कळेल की हा गृहस्थ सोमवारी शंकराला जातो आणि हल्ली दर गुरुवारी हृदयरोगतज्ज्ञाकडे. जाहिरात कंपन्यांनी हेच केले. तुम्ही वाचत असलेल्या पानाच्या कोपऱ्यातली जाहिरात परक्या कंपनीच्या यंत्रावरून येते, आणि येताना स्वतःचा बिल्ला ठेवून जाते. हीच कंपनी इतर हजारो पानांवरही बसलेली असते. म्हणून ज्या दुखण्याची गोष्ट तुम्ही घरात कुणाला सांगितली नव्हती, त्याच्या औषधाची जाहिरात सामायिक संगणकावर नातवासमोर येऊ शकते.

हा धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९९७ च्या तांत्रिक मानकातच म्हटले होते की असे परके बिल्ले ब्राउझरने मुळात घेऊ नयेत. मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही. सफारीने ते सरसकट बंद केले ते २०२० साली. गूगलनेही तसे जाहीर केले होते, पण पुढे बेत सोडला. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ‘थर्ड-पार्टी कुकीज’ स्वतःच बंद कराव्यात. मूळ संकेतस्थळाच्या कुकीज मात्र राहू द्याव्यात, नाहीतर लॉगिनच टिकणार नाही. ‘इन्कॉग्निटो’वर फार विसंबू नये, खिडकी बंद केल्यावर त्यातले बिल्ले फेकले जातात एवढेच, इंटरनेट पुरवणाऱ्यापासून काही लपत नाही.

राहिली ती संमतीची पाटी. ‘स्वीकारा’ ठळक अक्षरांत आणि ‘नाकारा’ तीन पानांआड, ही लबाडी सर्रास चालते. याच कारणासाठी फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या आरंभी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

या कायद्यातली एक तरतूद आपणासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्याला राज्याची अट नाही. बेळगाव, इंदूर किंवा वडोदऱ्यात राहणाऱ्यालाही ती पाटी मराठीत मागता येईल.