घंटा वाजली, पण किती वेळा?

सिडनीत, निक्टा ही संशोधन संस्था आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठ यांच्या आवारात ‘एसईएल-४’ हे मायक्रोकर्नेल घडलं. २००९ मध्ये ते गाजलं ते गणिती सिद्धतेमुळे: सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड ठरवून दिल्याप्रमाणेच वागतो, हे तिथं सिद्ध झालं. सिद्धतेचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र त्यातली ‘नोटिफिकेशन’ ही चिमुकली सोय जास्त आवडते. एका थ्रेडनं दुसऱ्याला हाक कशी मारावी, याचं इतकं काटकसरी उत्तर क्वचितच सापडतं.

रांग का नको

प्रत्येक घटनेमागे रांगेत एक नोंद टाकायची, ही सरधोपट पद्धत. नेटवर्क कार्डावर पॅकेटं धडाधड आदळू लागली की रांग फुगते. कर्नेलच्या आत ती फुगली, तर मेमरी आणायची कुठून? एसईएल-४ तर एकदा सुरू झालं की स्वतःहून मेमरी मागतच नाही. म्हणून तिथं घटनांची नोंद एका वर्डच्या बिटांत मावते.

चिठ्ठी नव्हे, घंटा

हाक मारणाऱ्या प्रत्येकाला ‘बॅज’ म्हणजे एक आकडा दिलेला असतो. त्यानं सिग्नल दिला की तो आकडा त्या वर्डमध्ये ‘ऑर’ होतो. कुणी वाट पाहत झोपलेलं असेल तर ते जागं होतं आणि आकडा त्याच्या हाती पडतो. कुणीच नसेल तर बिट तसेच थांबतात. थ्रेड नंतर आला की त्याला झोपावंच लागत नाही, आणि वर्ड पुन्हा शून्य होतो. कंडिशन व्हेरिएबल लॉक न धरता वापरलं, तर ‘काम आहे का’ हे पाहणं आणि झोपणं यांच्यामधल्या फटीत सिग्नल हरवू शकतो. ज्यानं ही चूक शोधण्यात रात्री घालवल्यात, त्याला या थांबलेल्या बिटाची किंमत कळेल.

पण एकाच बॅजचे पाच सिग्नल आले तरी बिट एकच. दूधवाल्यानं बेल एकदा वाजवली की पाचदा, याला अर्थ नाही; पिशव्या किती, ते दार उघडूनच मोजायचं. तेव्हा खरा माल दोघांच्या सामाईक रिंग बफरमध्ये ठेवायचा आणि जाग आली की बफर रिकामा होईपर्यंत उपसायचा. एका घंटेमागे एकच पॅकेट उचललं, तर उरलेली तशीच पडून राहतात.

एक थ्रेड, दोन कान

सर्व्हरला ग्राहकांच्या विनंत्याही ऐकायच्या असतात आणि यंत्राचे इंटरप्टही. दोन थ्रेड केले की लॉक आले. त्याऐवजी नोटिफिकेशन थ्रेडला बांधून टाकता येतं. मग विनंतीची वाट पाहतानाच इंटरप्टचा सिग्नलही पोचतो.

एकच मोठं कुलूप

हीच काटकसर कर्नेलच्या स्वतःच्या लॉकबाबतही दिसते. अनेक कोअर आले तेव्हा अख्ख्या कर्नेलला एकच लॉक लावणं मागासलेपणाचं वाटलं असतं. लिनक्सनं तर आपला मोठा लॉक २०११ मध्ये कायमचा काढून टाकला. सिडनीच्या गटानं २०१५ मध्ये नेमकं उलट मांडलं: मायक्रोकर्नेलमधला मुक्काम इतका थोडका असतो की, कॅश सामाईक असलेल्या मोजक्या कोअरांना तो लॉक पुरतो. २००९ ची सिद्धता मात्र एकाच कोअरपुरती होती.