मोहोळचा माळ आणि त्याखालचे पाणी

मोहोळच्या माळावर विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थरावर थर थिजला, तोच हा पाषाण. आल्प्सच्या पायथ्याच्या काही टेकड्या हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांच्या. आपला माळ मात्र जागच्या जागी झिजलेला. झिजेचा मुरूम झाला, मुरुमाची माती झाली आणि पावसाने ती सीनेच्या खोऱ्यात नेली. म्हणून माळावर माती वीतभर, नदीकाठी पुरुषभर.

अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरुमात व भेगांत साठते. त्यामुळे बोअर जितके खोल तितके पाणी अधिक, हा समज आम्हांस घातक वाटतो. उतारावर बांध असला, तरच पावसाला मुरुमात उतरण्यास अवधी मिळतो आणि विहिरीचा पाझर उन्हाळ्यातही टिकण्याचा संभव राहतो.