सपाट जागा, पाणी, डबा आणि दुसरा हात

हात बसला की बाळाचा डायपर बदलायला दोन मिनिटं पुरतात. नवजात बाळाच्या बाबतीत हे काम दिवसाला आठ-दहा वेळा करावं लागतं, बाळ वर्षाचं होईपर्यंत ते पाच-सहा वेळांवर येतं. सरासरी सहा धरली तरी दोन वर्षांत चार हजारांहून जास्त वेळा कुणीतरी बाळाला उताणं निजवतं, पुसतं, कोरडं करतं. या कामाला चारच गोष्टी लागतात. बाळाची पाठ टेकेल एवढी सपाट जागा, पुसायला पाणी, घाण टाकायला झाकणाचा डबा आणि लाथा झाडणाऱ्या बाळाला थोपवायला दुसरा हात. घरात या चारही गोष्टींची सोय कुणी ना कुणी केलेली असते, म्हणून त्या जाणवत नाहीत. बाळाला घेऊन घराबाहेर पडलं की एकेक गोष्ट कमी होत जाते आणि आईला वाटू लागतं, आपल्यालाच काही जमत नाही.

ओल्या लंगोटांची मोजणी

बाळ जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत काळपट हिरवी, चिकट शी होते. अंगावरचं दूध सुरू झालं की ती पिवळी, पातळसर, बारीक कणांची होते. नवखे आईबाप तिलाच जुलाब समजून घाबरतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, तर दूध पुरतं आहे असं साधारणपणे समजलं जातं. बाळंतिणीला भेटायला आलेली प्रत्येक पाहुणी 'दूध पुरत नसेल गं' म्हणून जाते. तिला द्यायचं उत्तर या मोजणीत असतं.

लंगोट वापरला तर ही मोजणी आपोआप होते, कारण प्रत्येक शू हाताला लागते. डायपर ओल लपवतो. त्याच्या गाभ्यात लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेटची पांढरी भुकटी असते. ही भुकटी लघवी शोषून फुगते, तिचं जेल होतं आणि मग दाबलं तरी ती पाणी सोडत नाही. डायपर फाटल्यावर बाळाच्या मांडीला चिकटलेले पारदर्शक दाणे दिसतात, ते हेच. घाबरायचं कारण नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायचे. ओल कळावी म्हणून बऱ्याच डायपरांवर मधोमध एक पिवळी रेघ असते. ती निळसर हिरवी झाली की डायपर ओला झाला.

हा शोध फार जुना नाही. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी शॉवरच्या पडद्याचं कापड शिवून लंगोटावर चढवायचं आवरण तयार केलं. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विक्रीला आलं आणि १९५१ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. १९६१ मध्ये पॅम्पर्सची चाचणी विक्री सुरू झाली. शोषून घेणारी भुकटी डायपरात आली ती १९८० च्या दशकात, आणि तेव्हापासून जाडजूड डायपर बारीक होत गेला. जो बाहेरून कोरडा दिसतो तो बदलायला उशीर होणं हा मात्र या सोयीसोबत आलेला तोटा आहे.

घरी: जमिनीसारखी सुरक्षित जागा नाही

परदेशी सिनेमातलं उंच, सुबक टेबल पाहून हौसेने तसं टेबल घेणारे आईबाप आता आपल्याकडेही आहेत. पण बाळ पहिल्यांदा कुशीवर वळतं ते कुणाला सांगून वळत नाही. पलंगावर किंवा टेबलावर डायपर बदलताना एक हात कायम बाळाच्या अंगावर हवा. कोपऱ्यातलं तेल घ्यायला वळण्याएवढा वेळही बाळ खाली पडायला पुरतो. आपल्या घरांतली जुनी रीत इथे शहाणी ठरते. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर रबर शीट, वर दुपटं, आणि सगळं सामान आधीच हाताशी. जमिनीवरून कुणी पडत नाही. फक्त ज्या आईचे सिझेरियनचे टाके ओले आहेत, तिला खाली बसणं-उठणं झेपत नाही. अशा वेळी पलंग ठीक, पण बाळाला भिंतीच्या बाजूला ठेवून आणि शेजारी दुसरं माणूस असताना.

पाय दोन बोटांत धरून ढुंगण वर उचलण्यापेक्षा बाळाला हलकेच कुशीवर वळवून मागून पुसणं सोपं. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं, म्हणजे शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. मुलग्याचा डायपर काढला की वारा लागताच कारंजं उडण्याचा धोका असतो, म्हणून फडकं वरून टाकावं. नाळेचा तुकडा पडेपर्यंत डायपरची कड बेंबीच्या खाली दुमडावी. मांडीशी असलेली झालर बोट फिरवून बाहेर काढली नाही तर सगळी गळती तिथूनच होते. पँटसारख्या डायपरात शी झाली असेल तर तो पायांतून खाली ओढू नये, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडाव्यात. ही एक युक्ती बाळाचे पाय, मोजे आणि आईचा ड्रेस वाचवते.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ उताणं राहायलाच तयार नसतं. उलटं होतं, रांगत पळतं, उघड्या अंगानेच खोलीचा फेरा मारतं. तेव्हा त्याच्या हातात रोज एकच खेळणं नको. चमचा, रिकामी डबी, कंगवा, जे नवं असेल ते द्यावं. ते पाहण्यात ते दंग असतं, तेवढ्यात आपलं काम उरकतं. पाय रोवून उभं राहू लागल्यावर पँटसारखा डायपर उभ्यानेच चढवणं सोयीचं जातं.

एक मुद्दा आजी हमखास काढते: 'डायपरने पाय फाकतात.' बाळाचे पाय पहिली दीड-दोन वर्षं निसर्गतःच थोडे वाकडे असतात आणि पुढे आपोआप सरळ होतात. त्यात डायपरचा दोष नाही. उलट, पाय ताणून घट्ट बांधणं खुब्याच्या सांध्याला घातक ठरू शकतं.

लाल का होतं?

डायपर बांधणाऱ्या घरात पुरळ हा नेहमीचा पाहुणा. ओलावा कातडी मऊ करतो, कडा घासतात. शीतले पाचकरस त्या मऊ कातडीवर काम करू लागतात. शू आणि शी एकत्र साचली की लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, कातडीचं आम्लपण कमी होतं आणि ते पाचकरस आणखी जोमाने काम करतात. म्हणून शी झाली की डायपर लगेच बदलायचा, नुसती शू असेल तर तीन-चार तासांनी. रात्री फक्त शू असेल आणि बाळ शांत झोपलं असेल तर त्याला उठवायची गरज नाही.

बदलताना कोमट पाणी आणि कापूस पुरेसा. वाइप्स प्रवासासाठी ठेवावेत. टिपून कोरडं करावं, घासू नये. लाल झालेल्या जागी झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर थरात लावावं. पावडर नको, कारण तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवणं हा फुकटचा इलाज. जांघेच्या वळ्यांमध्ये लालभडक चट्टा आणि भोवती बारीक लाल ठिपके दिसले, तर ती बुरशी असू शकते. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं वेगळं मलम लागतं. आपल्या मनाने स्टेरॉइडचं मलम लावू नये.

लंगोट की डायपर हा वाद बहुतेक घरांत तडजोडीवर मिटतो: दिवसा घरी लंगोट, रात्री आणि बाहेर डायपर. पण जून ते सप्टेंबर ही तडजोड कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगलेली असते. पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवत. आता पंख्याखाली आणि इस्त्रीखाली वाळवतात. दमट राहिलेला लंगोट बांधला तर पुरळ यायला डायपरही लागत नाही. कापडी डायपर धुताना शी आधी संडासात झटकावी, गार पाण्यात खळबळावा, मग साबण. कपडे मऊ करणारं द्रावण टाकू नये, त्याने कापडाची पाणी शोषण्याची ताकद कमी होते.

बाहेर: जागा शोधण्याची कसरत

आता या चार गोष्टी घेऊन घराबाहेर पडा. एसटीच्या मागच्या सीटवर सपाट जागा आहे, पण बस खड्ड्यात गेली की सपाटपणा संपतो. लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा हात नक्की मिळतो, पाणी मिळत नाही. मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीत, दागिन्यांच्या पेट्या आणि घडी मोडलेल्या शालूंच्या मधे, शंभर बायका ये-जा करत असताना हे काम उरकावं लागतं. हॉटेलात दोन खुर्च्या जोडून, मोटारीत मागच्या सीटवर, देवळात पायऱ्यांच्या आडोशाला. बाहेर निघताना पिशवीत दोन-तीन डायपर, रबर शीट, पाण्याची छोटी बाटली, मऊ फडकी, मलम, कपड्यांचा एक जोड आणि घट्ट बंद होणाऱ्या चार पिशव्या हव्यात. आईच्या अंगावरचाही एक जादा कुर्ता घ्यावा. त्याची किंमत पहिल्या गळतीनंतर कळते.

सरकारी पातळीवर आपल्याकडे हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या गवळणीचं नाव लाभलेल्या या खोल्या एसटी स्थानकांत, कार्यालयांत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या तेव्हाच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या आणि या विषयाची राज्यभर चर्चा झाली. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आणि गैरसोय असल्याची तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष आणि बाल-संगोपनाच्या सोयींबाबत राज्यांना पावलं उचलायला सांगितलं. जुन्या इमारतींत जमेल तिथे आणि नव्या इमारतींच्या नियोजनातच ही जागा राखावी, असा त्याचा आशय आहे.

इथेच एक गफलत होते. दूध पाजायला आडोसा लागतो, तिथे पुरुषांना मज्जाव असणं रास्त आहे. डायपर बदलायची फळीही त्याच खोलीत, नाहीतर बायकांच्या स्वच्छतागृहात बसवली, की बाळाचा बाप आपोआप दाराबाहेर उभा राहतो. घरी सराईतपणे डायपर बदलणारा माणूस मॉलमध्ये पिशवी धरून बायकोची वाट पाहतो. एकटा बाळाला घेऊन आलेला बाप तर पूर्ण अडतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डॉन्टे पामर यांचा २०१८ मधला फोटो यासाठीच गाजला. पुरुषांच्या स्वच्छतागृहात भिंतीला पाठ टेकून, उकिडवं बसून, मांड्यांवर मुलाला निजवून ते डायपर बदलत होते. त्याआधी २०१६ मध्ये तिथे केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत स्त्री-पुरुष दोन्ही स्वच्छतागृहांत अशी सोय असावी, असा कायदा झाला होता. शिवाय जिथे एक बाळ दूध पितं तिथेच दुसऱ्याची शी काढायची, हे आरोग्याच्या दृष्टीनेही बरं नाही. दोन कामांना दोन जागा हव्यात.

डायपर गेला कुठे?

बाहेर सगळ्यात अवघड प्रश्न बदलून झाल्यावर येतो. झाकणाचा डबा दिसत नाही, मग गुंडाळी कोपऱ्यात, खिडकीबाहेर किंवा संडासात जाते. रेल्वेच्या जैव-शौचालयात टाकलेला डायपर फुगून ते तुंबवतो, आणि उरलेला प्रवास सगळ्या डब्याला भोवतो. घरच्या संडासातही तो कधी टाकू नये. फक्त त्यातली शी आधी संडासात झटकावी, मग घाण आत घेऊन डायपर घट्ट गुंडाळावा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा आणि वर कागद लपेटावा.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या डायपरना सॅनिटरी कचऱ्यात घातलं आणि ते गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली. गुंडाळायला पिशवी पुरवावी, असं उत्पादकांनाही सांगितलं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने त्याच्या पुढे जाऊन लाल ठिपक्याची मोहीम चालवली: पुडक्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला न उघडताच आत काय आहे ते कळेल. मुंबई महापालिकेनेही २०२५ मध्ये असा घरगुती कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली. डायपरचं प्लास्टिक आणि जेल मातीत सहज विरघळत नाही. दोन वर्षांतले चार हजार बदल आपण विसरून जातो, ते मात्र कुणाच्या तरी हातातून जाऊन कुठल्या तरी डेपोत पडून राहतात.

म्हणजे चार गोष्टींपैकी तीन भिंतीवर बसवता येतात: घडी होणारी फळी, शेजारी नळ, खाली पायाने उघडणारा झाकणाचा डबा. हात धुवायच्या बेसिनशेजारी एवढी जागा बहुतेक हॉटेलांत, मंगल कार्यालयांत आणि बसस्थानकांत निघते. ती काढली जात नाही, कारण ती कुणी मागत नाही. पुढच्या रविवारी हॉटेलात टेबल मिळाल्यावर मेन्यू मागवण्याआधी विचारून बघा, 'इथे डायपर कुठे बदलायचा?' हा प्रश्न बापाने विचारलेला बरा. फळी बेसिनच्या कुठल्या बाजूला, म्हणजे कुणाच्या स्वच्छतागृहात लावायची, हे मालकाला वेगळं सांगावं लागणार नाही.