ब्रेकचे पेडल पायाला काय सांगते?

कराडहून चिपळूणकडे जाताना कुंभार्ली घाटाचा उतार लागला, की चालकाचा पाय वारंवार ब्रेकवर जातो. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने लपलेला दोष नेमका अशा ठिकाणी उघडा पडतो. वास्तविक त्याची पूर्वसूचना पेडलने आधीच दिलेली असते. पेडल मऊ लागते, खाली बसते, कडक होते की थरथरते, एवढे जरी मेकॅनिकला नेमके सांगता आले, तरी पुष्कळसा अनावश्यक खर्च टळतो.

सर्वपरिचित तक्रार पेडल स्पंजासारखे लागण्याची. ब्रेक ऑइल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. नळ्यांमध्ये बुडबुडे शिरले, की पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येत असेल, तर हवा तरी शिरलेली असते किंवा मागील ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढलेले असते.

पण पेडल घाटमाथ्यावर ठीक होते आणि पायथ्याशी येईपर्यंत मऊ झाले, तर? ब्रेक ऑइल वातावरणातील ओलावा शोषून घेते, हे त्यामागचे कारण असू शकते. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा 140 अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तापलेल्या चाकांजवळ अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. गंमत म्हणजे गाडी थंड झाली, की पेडल पूर्ववत होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ‘काही दोष नाही’ असे उत्तर मिळते! म्हणूनच ऑइल कमी झाले नसले, तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, ते बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर ऑइलच्या टाकीतील पातळी पाहावी. ती घटली असल्यास गळती आहे. चाकांची आतली बाजू ओली दिसते का, हे तपासावे. पातळी कायम असूनही पेडल बसत असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील झिजल्याचा संशय घ्यावा. पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते. अशा वेळी कारण न शोधता ऑइल ओतून गाडी परत देण्याची पद्धत प्रस्तुत प्रतिनिधीनेही अनुभवली आहे. त्यात दोष झाकला जातो, एवढेच. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने सील फुगतात.

पेडल दगडासारखे कडक लागले, तर बूस्टरकडे पाहावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करीत आहे. न गेल्यास बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी किंवा डिझेल गाडीतील व्हॅक्यूम पंप तपासावा लागेल. इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे महाभाग अजूनही भेटतात. बूस्टरमध्ये उरलेले साहाय्य दोन-तीन वेळा ब्रेक दाबताच संपते, याची त्यांना बहुधा कल्पना नसावी.

ब्रेक लावतानाच पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी असमान झालेली असते. मात्र निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर पायाला जाणवणारे ठोके एबीएसचे असतात. घाबरून पाय उचलू नये.

थरथर असलेली गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येईल. पेडल तळाला टेकत असलेली गाडी मात्र चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी.