फोटो धुण्याचीं औषधें : आजचीं व उद्यांचीं

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत माझ्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा सांपडला. डब्यांत एक जुना कॅमेरा होता, आणि त्याबरोबर कृष्णधवल फिल्मचा एक न धुतलेला रोल. तो ठेवणारे गृहस्थ वारून बारा वर्षें झालीं. तेव्हां या रोलांत काय असेल, या एका विचारानें घरांतील लहानथोर मंडळी अधीर झाली. त्या गृहस्थांचा नातू रोल घेऊन सीताबर्डीवर चार दुकानें हिंडून आला. एकानें सांगितलें, 'पुण्यामुंबईस पाठवावा लागेल. परत केव्हां येईल सांगवत नाहीं.' दुसऱ्यानें, 'आतां हें काम कोण करतो?' म्हणून हात जोडले. शेवटीं तो माझ्याकडे आला. कारण माझ्या न्हाणीघराची अजूनहि महिन्यांतून एकदोनदां अंधारखोली होत असते. 'काका, हें धुण्याचें औषध आतां मिळतें का? आणि पुढें मिळत राहील का?' असे त्याचे दोन प्रश्न होते. त्यांचेंच उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहें.

उत्तराचा सारांश आधींच सांगून टाकतों. औषध मिळतें, आणि पुढेंहि मिळेल. मात्र ज्या दुकानांत व ज्या नांवाच्या पुडक्यांत आपण तें शोधतों, तेथें तें सांपडेलच असें नाहीं. हें विधान कोणास कोड्यासारखें वाटेल. तें उलगडावयाचें, तर हें औषध करतें काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

फिल्मवर जिलेटिनचा एक पातळ थर असतो व त्यांत चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडली, कीं ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांच्यांत शुद्ध चांदीच्या अवघ्या कांहीं अणूंचा पुंजका तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाहीं. पण दुधांत घातलेल्या विरजणाप्रमाणें तो पुढचें काम करतो. फिल्म डेव्हलपरमध्यें बुडविली, म्हणजे ज्या कणांना असें विरजण लागलेलें असतें त्या सबंध कणांची काळी चांदी बनते. ज्यांना तें लागलें नाहीं ते तसेच राहतात.

हा डेव्हलपर म्हणजे कोणतें एक गूढ रसायन नव्हे. त्यांत सामान्यतः तीन प्रकारच्या वस्तु असतात. पहिली प्रत्यक्ष काम करणारी : मेटोल, हायड्रोक्विनोन यांसारखीं द्रव्यें, जीं चांदीच्या क्षारांना विद्युत्कण देऊन त्यांची चांदी करतात. दुसरी अल्कली, कारण तिच्यावांचून हीं द्रव्यें स्वस्थ बसून राहतात. तिसरी राखणदार, म्हणजे सोडियम सल्फाइट. हवेंतील प्राणवायूनें औषध काळें पडून वायां जाऊं नये म्हणून तें घालावयाचें. डेव्हलपरनंतर येतो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. उरलेले चांदीचे क्षार तो विरघळवून टाकतो, आणि चित्र उजेडांत पाहण्याजोगें होतें. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या ध्यानांत १८१९ सालीं आला. छायाचित्रणाची कला जगापुढें आली १८३९ सालीं. म्हणजे येथें औषध आधीं सांपडलें आणि रोग वीस वर्षांनीं आला!

आतां एक प्रत्यक्ष सूत्र सांगतों. कोडॅक कंपनीचा डी-७६ नांवाचा डेव्हलपर १९२७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि आजहि तो जगभर वापरला जातो. एक लिटर औषधाला मेटोल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टांकणखार २ ग्रॅम. सुमारें ५० अंश सेंटिग्रेडच्या पाऊण लिटर पाण्यांत हे पदार्थ याच क्रमानें विरघळवावे व गार पाणी घालून लिटर पुरें करावें. एवढ्यांत चार रोल निघतात. यांत गुपित कांहींच नाहीं; हें सूत्र कितीतरी पुस्तकांतून छापलेलें आहे.

आपल्या लोकांना असें औषध घरीं करणें नवें नव्हतें. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली व भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. त्या काळीं छायाचित्रकारास आपलीं द्रव्यें स्वतःच तोलावीं व मिसळावीं लागत. पुढें दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र आणलें. कारण कोरी फिल्म तेव्हां भोंकांवांचून येत असे. तीं भोंकें पाडण्याचें आणि फिल्म धुण्याचें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं शिकून घेतलें, व सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून तें केलें. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' अशा रीतीनें घरच्या अंधारखोलींतून बाहेर पडला, हें आपण विसरतां कामा नये.

नंतर तयार पुडकीं आलीं. सोय फार झाली. पण पुडक्यांत काय आहे हें विचारण्याची संवय सुटली. आपल्या देशांत उटकमंड येथें १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व तिची 'इंदु' फिल्म गांवोगांवच्या स्टुडिओंत पोंचली. मग डिजिटल कॅमेरा आला आणि एकामागून एक आधार ढासळूं लागले. जर्मनीची आग्फाफोटो २००५ सालीं दिवाळखोरींत निघाली. २०१२ च्या जानेवारींत खुद्द कोडॅकनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. १८४७ सालीं स्थापन झालेल्या टेटेनाल या औषधें करणाऱ्या जुन्या पेढीवर २०१८ सालीं तोच प्रसंग आला. उटकमंडचा कारखानाहि बंद पडला. नांवें पुसलीं गेलीं, तसा लोकांचा समज झाला कीं औषधेंच संपलीं. हा समज मात्र चुकीचा आहे.

कारण या पुडक्यांतील बहुतेक वस्तु मुळांत छायाचित्रकारासाठीं जन्मलेल्याच नाहींत. टांकणखार आपल्या इतवारींतील सराफ्याला लागतो; डाग देतांना सोनार तो वापरतो. धुण्याचा सोडा तर घरोघरचा. सोडियम सल्फाइट कारखान्यांच्या बॉयलरच्या पाण्यांतील प्राणवायु काढून टाकण्यास वापरतात. हायपो मासे पाळणारांच्या दुकानांत मिळतो, कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरीन तो मारतो. डेव्हलपरचें काम थांबविण्यास लागणारें आम्ल म्हणजे स्वयंपाकघरांतील व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. हायड्रोक्विनोनपासून तेलें खवट होऊं नयेत म्हणून घालावयाचीं द्रव्यें बनतात, आणि त्या धंद्यांत एक मराठी नांव आहे. दांडेकरांनीं १९३१ सालीं मुंबईंत शाईचा जो उद्योग सुरू केला, त्याच्या वंशांतील कॅमलिन फाइन सायन्सेस या कंपनीनें गुजरातेंत दहेज येथें हायड्रोक्विनोनचा कारखाना उभारला. आमच्या पांच ग्रॅमांसाठीं तो उभारला नाहीं, हें उघड आहे. पण लग्न दुसऱ्याचें असलें तरी पंगतींत आपलें पान मांडलें जातें, तशी ही गोष्ट आहे.

तर मग चिंतेचें कांहींच नाहीं काय? आहे, आणि ती कोठें आहे हें नीट ओळखलें पाहिजे.

पहिली चिंता मेटोलची. त्याला छायाचित्रणाबाहेर फारसें गिऱ्हाईक नाहीं. सुदैवानें त्याच्या जागीं फेनिडोन चालतें व तें फार थोडें लागतें. तेंहि न मिळालें तर वाट खुंटत नाहीं. १९९५ सालीं अमेरिकेंत रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेंतील एका वर्गानें विरघळणारी कॉफी व धुण्याचा सोडा यांनीं फिल्म धुवून दाखविली; पुढें इतरांनीं त्यांत 'क' जीवनसत्त्वाची भर घातली. एका लिटराला निर्जल सोडा ५४ ग्रॅम, 'क' जीवनसत्त्व १६ ग्रॅम व कॉफी ४० ग्रॅम हें त्याचें प्रचलित प्रमाण असून २० अंशांवर पंधरा मिनिटें लागतात. जीवनसत्त्व मात्र शुद्ध भुकटीच्या रूपांत घ्यावें. आमच्या नागपुरी संत्र्याचा रस पिळून भागणार नाहीं! १८९१ पासून चालत आलेल्या रॉडिनाल या औषधाचें मूळ द्रव्यहि तापावरच्या पॅरासिटामोलच्या गोळ्यांपासून, कॉस्टिक सोड्याच्या साह्यानें तयार होतें. परंतु कॉस्टिक सोडा डोळ्यांना व कातडीला घातक आहे. नवख्यानें त्या वाटेस जाऊं नये.

दुसरी चिंता रंगीत फिल्मची, आणि ती अधिक खरी आहे. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरमधील मुख्य द्रव्याला दुसरा कोणताच धंदा नाहीं. मोठ्या कारखान्यांनीं तें करणें सोडलें, तर आपल्याला तें घरीं उभें करतां यावयाचें नाहीं. तशी वेळ आलीच तर रंगीत रोलहि कृष्णधवल औषधांत धुतां येतो. रंग जातात, पण माणसांचे चेहरे राहतात.

तिसरी चिंता खुद्द फिल्मची. औषध घरीं होईल. फिल्म घरीं होत नाहीं. इंग्लंड, अमेरिका, चेक देश व जर्मनी येथील थोड्या कारखान्यांवर आपण अवलंबून आहों. म्हणून माझें मत असें आहे, कीं अंधारखोलीचें भवितव्य औषधाच्या बाटलीपेक्षां फिल्मच्या डबीवर आणि त्याहिपेक्षां सूत्र जाणणाऱ्या माणसांवर ठरेल.

नागपुरांत राहणाऱ्यास आणखी एक अडचण सोसावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. सूत्रांतील वेळ २० अंशांसाठीं दिलेला असतो, आणि येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. नळ सोडला तर गच्चीवरच्या टांकींतून चहाजोगें पाणी येतें! पाणी जितकें उष्ण, तितकी क्रिया जलद व जिलेटिन मऊ. प्रत्येक अंशाला वेळ सुमारें एकदशांशानें कमी करावा हा ढोबळ नियम २४ अंशांपर्यंत उपयोगी पडतो. त्यापुढें बर्फाच्या पाण्यांत बाटल्या ठेवून औषध गार करावें. पौषांत उलट प्रकार होतो; १२ अंशांच्या आसपास हायड्रोक्विनोन जवळजवळ झोंपीं जातें. तेव्हां कोजागिरीपासून होळीपर्यंतचा काळ आम्हांला उत्तम, मात्र कडक थंडींत औषध कोमट करून घ्यावें. औषधासाठीं बॅटरींत घालावयाचें ऊर्ध्वपातित पाणी वापरावें, म्हणजे क्षारांचा त्रास होत नाहीं.

उघड्या बाजारांतून सुटें द्रव्य घेण्यांत धोका कोणता, हें मीं स्वतःच्या नुकसानीनें शिकलों. एका दुकानांतून घेतलेलें हायड्रोक्विनोन तपकिरी रंगावर आलेलें होतें. मी तें दृष्टीआड केलें. माझ्या आईच्या पंचाहत्तरीचा रोल त्यांत धुतला, आणि फिल्म कोरी करकरीत बाहेर आली. तो दिवस परत येणार नव्हता. तेव्हांपासून मीं नियम केला : नवें औषध तयार झालें, कीं फिल्मचा एक बोटभर तुकडा उजेडांत धरून त्यांत टाकावयाचा. तो काळाभोर झाला तरच रोलाला हात लावावयाचा. सोनाराच्या कांट्यासारखा लहान कांटा, हातांत रबरी मोजे आणि प्रत्येक बाटलीवर तारीख या तीन गोष्टींनाहि पर्याय नाहीं. मेटोलनें कित्येकांच्या हातांना खाज सुटते.

वापरलेला हायपो मोरींत ओतूं नये. त्यांत फिल्मवरची चांदी असते व ती जलचरांना घातक आहे. पोलादी तारेचा चोथा त्यांत कांहीं दिवस ठेवला, म्हणजे लोखंड विरघळून चांदी खालीं बसते. ज्या नगरींत १९५८ पासून पाणी व सांडपाणी यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था नांदते आहे, त्या नगरींतील हौशी माणसाला एवढें भान असावयास हवें.

आतां त्या रोलाची हकीकत. मुलाकडूनच मीं द्रव्यें तोलविलीं, त्याच्याच हातानें तुकड्याची परीक्षा करविली, आणि मग न्हाणीघराच्या दारास घोंगडी लावून आम्ही रोल टांकींत भरला. छत्तीसांपैकीं अकरा चित्रें उमटलीं. बाकीचीं काळानें धुरकटलीं होतीं. अंबाझरीच्या बांधावर बसलेलीं माणसें, अंगणांतली सायकल, आणि तान्हें मूल मांडीवर घेतलेली त्याची आजी. तें मूल म्हणजे तो स्वतःच होता. ओली निगेटिव्ह दोरीवर टांगून तो बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला.

जातांना त्यानें वहींत डी-७६ चीं चारी द्रव्यें व त्यांचीं वजनें उतरवून घेतलीं. श्रोतेहो, आपल्याहि घरीं एखादा असा डबा असेल, तर तो रोल आणखी एका उन्हाळ्यांत माळ्यावर ठेवूं नका. आणि या कलेची आवड असेल, तर तीं चार ओळी आपणहि कोठें तरी लिहून ठेवा.