व्हेनिसमधला मुक्काम

परदेशी माणसाने व्हेनिसमध्ये कुठे उतरावे, हा प्रश्न आज ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा समजला जातो. पण व्हेनिसचे प्रजासत्ताक नांदत होते तोवर त्याचा निकाल पुष्कळदा सरकारच लावीत असे. आल्प्स ओलांडून येणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांनी रियाल्तोच्या पुलाशेजारच्या सरकारी वखारीतच बिऱ्हाड करावे, माल तिथेच उतरवावा, सौदे कारकुनांच्या देखरेखीखाली करावेत आणि रात्री दरवाजे बंद झाले की आतच राहावे, असा दंडक होता. १५०५ साली ही वखार आगीत भस्मसात झाली, तेव्हा सरकारने ती तीन वर्षांत पुन्हा उभी केली आणि तिच्या दर्शनी भिंती रंगविण्याच्या कामी जॉर्जोने आणि तरुण तिशियन यांच्यासारखे चित्रकार लावले, यावरून परक्यांच्या मुक्कामाचे त्या राज्यकारभारात केवढे महत्त्व होते ते ध्यानात येते. १५१६ मध्ये ज्यूंना शहराच्या उत्तरेकडील एक बेट वस्तीस नेमून देण्यात आले आणि रात्री त्याच्या फाटकांना कुलपे पडू लागली. १६२१ मध्ये तुर्की व्यापाऱ्यांसाठी महाकालव्याच्या काठचा एक प्राचीन वाडा मुक्रर झाला. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेपुढे प्रजासत्ताकाने मान तुकविली, ज्यूंच्या वस्तीची फाटके उखडली गेली आणि पाहुण्याची निवड हळूहळू त्याच्या स्वतःच्या हाती आली.

ही निवड इतर शहरांतल्या निवडीहून अवघड आहे, आणि त्याचे कारण सर्वस्वी भूगोलात आहे. १८४६ मध्ये खाजणावरून आगगाडीचा पूल आला, १९३३ मध्ये त्याच्या शेजारी मोटारींचा पूल झाला. परंतु हे दोन्ही पूल शहराच्या पश्चिम कडेला येऊन थांबतात, आणि तिथून पुढे, म्हणजे शंभराहून अधिक बेटांच्या आणि चारशेहून अधिक पुलांच्या त्या पसाऱ्यात, चाक म्हणून जे काही फिरते ते प्रवाशाच्या पेटीचे किंवा हमालाच्या ढकलगाडीचे. बहुतेक पुलांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. तेव्हा नकाशावर बोटभर दिसणारे अंतर सामानासह काटताना पाच पूल लागले, तर प्रवाशाच्या उत्साहाचा बराचसा भाग पहिल्याच दिवशी खर्ची पडतो. ‘व्हापोरेत्तो’ नावाची सार्वजनिक बोट आहे, पण तिच्या पंचाहत्तर मिनिटांच्या एका तिकिटाला साडेनऊ युरो मोजावे लागतात. म्हणून काही दिवसांचा पास काढणे शहाणपणाचे. खोली ठरविताना मालकाला विचारावयाचे ते एवढेच की, बोटीचा जवळचा धक्का कोणता आणि त्या धक्क्यापासून दारापर्यंत पूल किती. भिंतींचा रंग आणि न्याहरीचे पदार्थ ही चौकशी मागाहून केली तरी चालते.

शहर सहा पेठांत विभागलेले आहे, आणि पुण्याच्या जुन्या पेठांत जसा घराचा क्रमांक रस्त्याचा नसून पेठेचा असे, तशीच रीत इथेही आहे: पेठेचे नाव आणि क्रमांक एवढाच पत्ता. कास्तेल्लो पेठेत हे क्रमांक सहा हजारांच्या पुढे जातात, त्यामुळे पत्ता हाती असूनही घर सापडेल याचा भरवसा नाही. अनुभवी यजमान म्हणूनच जवळचे चर्च किंवा चौक सांगतात.

सान मार्को ही सर्वांत प्रसिद्ध पेठ. सान मार्कोची बॅसिलिका, दोजेचा म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा राजवाडा, घंटाघर, सारे इथेच. साहजिकच नवखा प्रवासी आधी इथल्याच खोल्या शोधतो. मला मात्र हा मोह आवरण्याजोगा वाटतो. दिवसभर या पेठेच्या गल्ल्यांतून माणसांचे लोंढे वाहतात, दुकाने मुखवट्यांची आणि काचेच्या मण्यांची, कॉफी महाग. आणि जो सान मार्कोचा चौक पाहावयाचा तो कोणत्याही पेठेतून फार तर अर्ध्यापाऊण तासाच्या चालीवर असतोच. शिवाय तो चौक शहरातील सखल जागांपैकी एक आहे. भरतीचे पाणी नेहमीच्या पातळीहून ऐंशीएक सेंटिमीटर चढले की ते तिथे फरशीवर दिसू लागते. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला ते १९४ सेंटिमीटरपर्यंत आणि २०१९ च्या १२ नोव्हेंबरला १८७ पर्यंत चढले होते. २०२० च्या ऑक्टोबरपासून खाजणाच्या मुखांशी बसविलेली पोलादी दारे मोठ्या भरतीच्या वेळी उचलून समुद्र अडविला जातो आणि तसल्या महापुरांची धास्ती ओसरली आहे. पण ही दारे लहानसहान भरतीला उचलीत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात सखल गल्लीतील तळमजल्याची खोली घेणे मला प्रशस्त वाटत नाही. व्हेनिसच्या सावकारांनाही ते वाटत नसे: त्यांच्या वाड्यांचे तळमजले मालाच्या साठवणीचे असत, आणि कुटुंब राही ते वर. उन्हाळ्यात त्याच तळमजल्यावर डासही भेटतात. वरची खोली घ्यावी, मात्र जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते हे विसरू नये.

माझे मत विचाराल तर मुक्काम कान्नारेजोच्या उत्तर भागात करावा. रेल्वे स्थानक याच पेठेत असल्यामुळे सामान घेऊन महाकालवा ओलांडावा लागत नाही. स्थानकापासून रियाल्तोकडे जाणारा गर्दीचा रस्ता एकदा सोडला की लांब, सरळ, एकमेकांना समांतर कालवे लागतात, त्यांच्या काठच्या पडव्यांवर संध्याकाळी स्थानिक लोक वाइनचा छोटा पेला आणि पावाच्या तुकड्यावर काही खारे मासे घेऊन उभे असतात. मादोन्ना देल्ल’ओर्तो हे तिंतोरेत्तो या चित्रकाराचे चर्च: तो याच मोहल्ल्यात राहिला, इथली अजस्र चित्रे त्याच्या हातची आणि त्याचे दफनही इथेच. जुनी ज्यू वस्ती जवळच आहे. जागा वाढविण्याची मुभा नसल्यामुळे मजल्यांवर मजले चढवून उंच झालेली तिथली घरे पाहिली, म्हणजे सरकारी हुकमाचा स्थापत्यावर काय परिणाम होतो ते डोळ्यांना दिसते. उत्तर काठावर फोंदामेंते नोव्हे हा धक्का आहे. मुरानो व बुरानो बेटांच्या बोटी तिथूनच सुटतात आणि विमानतळाची बोटही थांबते.

कास्तेल्लोची पूर्व बाजू याच तोलाची. प्रजासत्ताकाची गलबते जिथे बांधली जात ते आर्सेनाले ओलांडले की नेपोलियनच्या अमलात कालवा बुजवून केलेला एक रुंद रस्ता लागतो. भाजीची नाव, शाळकरी पोरे, गल्लीवर आडव्या दोरीवर वाळणारे कपडे हे इथे अजून पाहावयास मिळते. पलीकडे सान पिएत्रोचे चर्च आहे; १८०७ पर्यंत शहराचे मुख्य धर्मपीठ हेच होते, बॅसिलिका नव्हे, ही गोष्ट पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते. कलाप्रदर्शनाच्या म्हणजे बिएन्नालेच्या मोसमात मात्र इथले दर चढतात.

दोर्सोदुरो चित्रे पाहणाऱ्यांसाठी. आकादेमियाचे संग्रहालय तिथेच आहे, दक्षिणेच्या रुंद काठावर हिवाळ्यात ऊन मिळते. फक्त सांता मार्गेरिता चौकाकडे खिडकी नसावी, कारण विद्यार्थी तिथे रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत असतात. सान पोलो आणि सांता क्रोचे यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही: रियाल्तोचा मासळीबाजार सकाळी पाहावा, आणि मोटारतळ जवळ हवा असेल तर सांता क्रोचे सोयीची.

काटकसरी लोक मेस्त्रेत उतरतात. मुख्य भूमीवरचे हे गाव १९२६ पासून व्हेनिसच्याच नगरपालिकेत आहे. खोली स्वस्त मिळते आणि आगगाडीने दहाबारा मिनिटांत शहर गाठता येते. हिशेबाने हे बरोबर दिसते, पण त्यात एक रकम धरलेली नसते, आणि ती पैशाची नव्हे. दिवसा येणाऱ्यांच्या गर्दीपायी २०२४ च्या २५ एप्रिलपासून ठरावीक दिवशी दिवसपाहुण्यांकडून पाच युरोंची प्रवेशपट्टी घेतली जाऊ लागली. मुक्कामास राहणाऱ्यांना, मेस्त्रेत राहणाऱ्यांनासुद्धा, ती माफ आहे, त्यांच्याकडून रात्रीगणिक वास्तव्यकर घेतात. तथापि मेस्त्रेचा पाहुणा संध्याकाळी गाडी गाठण्यासाठी नेमका अशा वेळी निघतो, जेव्हा हे लोंढे परतलेले असतात, गल्ल्या मोकळ्या झालेल्या असतात आणि शहर स्वतःच्या माणसांशी बोलू लागते. तीन रात्री मेस्त्रेत काढण्यापेक्षा दोन रात्री पाण्यावर काढाव्यात, असा माझा स्पष्ट कौल आहे.

भाड्याच्या घरांबाबत थोडा विवेक ठेवावा. १९५१ साली या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली, आणि रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत हा घटता आकडा कित्येक वर्षे झळकत आहे. घसरणीची कारणे अनेक आहेत, दमट घरे आणि मुख्य भूमीवरच्या नोकऱ्या ही त्यांतली जुनी. अलीकडच्या काळात मात्र पाहुण्यांना घर देणे रहिवाशाला देण्यापेक्षा किफायतीचे ठरले, ही मोठी भर पडली. ज्याचा नोंदणी-क्रमांक जाहिरातीत दिलेला नाही असे घर घेऊ नये. आणि मठांतून चालणारी साधी अतिथिगृहे आहेत, तिथे रात्री परतण्याची वेळ पाळावी लागते, पण खोल्या स्वच्छ आणि दर माफक असतात.

उरली दोन बेटे. ज्युदेक्कावर वास्तुविशारद पाल्लादिओने आखलेले रेदेंतोरेचे चर्च आहे, जुन्या पिठाच्या गिरणीचे आता आलिशान हॉटेल झाले आहे, आणि समोरच्या काठावरचे शहर सबंध दिसते. फक्त प्रत्येक कामाला बोट धरावी लागते. लिदोवर मोटारी आहेत, सपाट रस्ते आहेत, वाळूचा किनारा आहे. जर्मन कादंबरीकार टोमास मान १९११ मध्ये तिथल्याच हॉटेलात उतरला होता. लहान मुले किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे बरोबर असतील तर मी लिदोच सुचवीन. मात्र ऑगस्टच्या अखेरीस चित्रपट-महोत्सव सुरू होतो, तेव्हाच्या पंधरवड्यात तिथल्या खोल्यांचे दर ऐकूनच माणसाने मेस्त्रेची गाडी धरावी.